हवेतला वाटा

१९५६ च्या एप्रिलमध्ये मला एका लाकडी पिंपाची तपासणी करण्यासाठी चिंचवडला बोलावण्यात आले. मी पुण्याच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. ज्या राज्यात मद्य बाळगणे हा गुन्हा आहे, त्या राज्याला मद्याविषयी अधिकाराने बोलणारा माणूस अधूनमधून लागतोच. तो स्वतः पिणारा नसावा अशी अपेक्षा असते. माझे आडनाव पाहून ती पूर्ण झाल्याचे गृहीत धरले गेले आणि मला कोणी काही विचारले नाही.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला एक बेट आहे. तिथे ऐन किनाऱ्यावरच्या एका जुन्या भट्टीत तयार झालेली व्हिस्की त्या पिंपात होती. मे १९५१ मध्ये ती मोजली गेली तेव्हा बारा गॅलन भरली. पिंपाच्या बुचावर लाखेचे सील ठोकण्यात आले आणि पिंप सरकारी गोदामात गेले. पाच वर्षांनी ते उघडले, तेव्हा आत सात गॅलन उरली होती. सील मात्र अखंड होते. गोदामाची किल्ली या सगळ्या काळात एकाच माणसाकडे होती: सोपानराव तापकीर, राहणार चऱ्होली, वय एक्कावन्न, गळ्यात तुळशीची माळ.

खात्याने काढलेला निष्कर्ष पहिल्या इयत्तेतल्या वजाबाकीचा होता. बारातून सात गेले, पाच उरले. पाच गॅलन सोपानराव प्यायले. त्या खात्याचे नाव मी इथे लिहीत नाही. त्याला नावाची गरज नाही, ते सर्वत्र आहे.

मी पॅसेंजर गाडीतून उतरून गोदामाशी पोहोचलो तेव्हा अकरा वाजत होते. स्टेशनाच्या पलीकडे माळरानावर कारखान्यांसाठी जमिनी मोजल्या जात होत्या. चुन्याच्या पांढऱ्या रेघा ज्वारीच्या खुंटांवरून सरळ गेल्या होत्या. गोदाम म्हणजे जुन्या दगडी भिंतींवर नवा पत्रा घातलेली एकच लांब खोली. खाली लहानसे थंड तळघर, वर पत्र्याला टेकलेला पोटमाळा. भिंतीशी पुनावळ्याच्या ओढ्यात पकडलेल्या, हातभट्टी भरून नेण्याच्या सायकलच्या ट्यूबा, माणच्या शिवारातून आणलेली जर्मनची पातेली आणि नवसागराच्या पुड्या रचल्या होत्या. गांधीजींच्या नावाने चाललेल्या कारभाराचे ते एक प्रामाणिक संग्रहालय होते.

सोपानराव दारातच उभे होते. निलंबित असूनही ते रोज येत. नव्या माणसाला किल्ल्या ओळखू येत नाहीत, हे त्यांचे कारण.

"तुमीच का ते वास घेनारं मास्तर?"

"मी रसायनशास्त्राचा प्राध्यापक आहे."

"तेच की," ते म्हणाले आणि बाजूला झाले.

आत पाऊल टाकताच मला थांबावे लागले. त्या खोलीत समुद्र होता. दुसऱ्या कोणत्याही शब्दाने मला ते सांगता येत नाही. किनारा इथून घाटाखाली, साठाहून अधिक मैलांवर. आणि इथे, ढेकळे तापलेल्या एप्रिलमध्ये, ओल्या दोरखंडाचा, शेवाळलेल्या खडकाचा, विझवलेल्या चुलीचा आणि दवाखान्यातल्या आयोडिनचा एकमेकांत मुरलेला वास माझ्या चेहऱ्याशी आला. एखादा माणूस अगदी जवळ येऊन उभा राहावा तसा.

"आत्ता कायच न्हाई," सोपानराव म्हणाले. "बारा वाजलं की येतो."

"कोण?"

"साहेब."

ते हे अगदी सहज म्हणाले. गिलीज साहेब मी पाहिला नव्हता. त्यांनी पाहिला होता. तो चिंचवडला पंपांच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. १९४७ साली तो हे पिंप घेऊन इथे आला. दोन वर्षांनी दारूबंदीचा कायदा आला, तेव्हा इतर साहेबांनी आपापल्या बाटल्या कपाटांच्या मागे सारल्या; हा एकटा स्वतः खात्यात गेला आणि पिंपाची माहिती लिहून दिली. त्याच्या परवान्यात एवढे मद्य बसत नव्हते. मायदेशी परततानाच ते फोडायचे, असे त्याच्या मनात होते. त्या लिहून देण्यावर खात्याने दोन वर्षे विचार केला. विचार पूर्ण होण्याआधी, मे १९५१ मध्ये, तो हृदयविकाराने वारला, आणि मग मात्र सील ठोकायला माणसे त्याच दिवशी आली.

"मीच ग्येलतो हातगाडी घिऊन," सोपानराव म्हणाले. "साहेब आत खाटंवर निजवल्याला, आन् आमी भायेर पिंप मोजतोय. तवापास्नं त्ये माझ्या मागं हाय. दुपारी पत्रा तापला की वरनं आवाज येतो, कुर्र कुर्र, कुनी दात खाल्ल्यावानी. मग ह्यो वास खाली उतरतो. मानूस जिना उतरतो तसा, दमादमानं."

"लाकूड आहे ते. उन्हाने आवळते."

"व्हय, लाकूड हायच की," ते समजुतीने म्हणाले, जणू मीच भ्यायलो होतो.

मग आम्ही वाट पाहिली. बारा वाजून काही मिनिटांनी पत्रा तडतडला. त्यानंतर वर, अंधारात, ओक लाकडाच्या फळ्या एकमेकींवर घासल्या आणि एक लांब, कण्हल्यासारखा आवाज झाला. मला कारण माहीत होते. कारण माहीत असल्याने मानेवरचा घाम कमी थंड होत नाही, ही गोष्ट कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडायची नाही. वास खरोखरच उतरला. सोपानरावांनी डोळे मिटून वर न पाहता हात जोडले.

"नोकरी ग्येली तर जाऊं द्या," ते नंतर म्हणाले. "पोटाचं बघंल ती काळी आई. पर ही माळ ऱ्हायली पायजे, मास्तर. आबाजींनी सांगितलंय, चौकशी हुईस्तवर भजनात पंगतीला बसायचं न्हाई. आन् लागू झालं, तर माळ आपल्या हातानं काढून दिवळात ठिवायची. तेरा वर्साचा हुतो तवा घातली ही. आईच्या अंगाबिगर दुसरं कायच माझ्या गळ्याशी इतकं लागल्यालं न्हाई."

आबाजी चऱ्होलीच्या भजनी मंडळाचे प्रमुख होते. पण गावात बोभाटा आबाजींनी केला नव्हता. तो सोपानरावांच्या बायकोच्या, अंबुबाईंच्या तोंडून निघाला होता. नदीवर धुणे धुताना त्या चिडून म्हणाल्या होत्या की ह्यांच्या सदऱ्याचा वास सोड्यानेही जात नाही. ऐकणाऱ्या बायकांना नाके होती. खात्याने पिंप उघडण्याच्या दोन वर्षे आधी गावाने आपला निकाल लावलेला होता. सरकार फक्त आकडा घेऊन मागून आले.

मी कागद मागवले. पिंपाच्या फाइलमध्ये, मोजणीच्या तक्त्यांखाली, इंग्रजीत लिहिलेले एक पत्र होते. साहेबाच्या थोरल्या बहिणीने, फ्लोरा गिलीजने, १९५२ साली ते त्या बेटावरून धाडले होते. त्यावर 'फाइल करावे' असा शिक्का होता, आणि तो शिक्का मारण्यासाठी जेवढे वाचावे लागते तेवढेच ते वाचले गेले होते. मी ते तिथेच उभ्याने वाचले.

तिने लिहिले होते: "आमचे वडील या भट्टीत पिंपे बांधत. हे लहान पिंप त्यांनी स्पॅनिश वाइनच्या जुन्या पिंपाच्या फळ्यांतून माझ्या भावासाठी बांधले. आमच्याकडे झाडे फार नाहीत. आम्ही दलदलीतली काळी माती विटांसारखी कापतो, वाऱ्यावर वाळवतो आणि ओल्या बार्लीखाली जाळतो. त्या मातीत हजारो वर्षांचे शेवाळ आणि समुद्राने फेकलेले गवत कुजलेले असते. तोच धूर दाण्यात शिरतो, आणि पुढे काहीही केले तरी निघत नाही. मग पिंपे किनाऱ्यावरच्या कोठारात वर्षानुवर्षे झोपतात. हिवाळ्यात लाटा भिंतीवर आपटतात. पिंपे श्वास घेतात, आणि त्या श्वासागणिक थोडे थोडे निघून जाते. त्याला आम्ही देवदूतांचा वाटा म्हणतो. त्याचा हिशेब आमच्याकडे कोणी मागत नाही. तुमच्याकडे ऊन फार आहे असे माझा भाऊ आर्ची लिहायचा. तेव्हा पिंप हलके झालेले आढळले, तर कृपा करून कोणालाही दोष देऊ नये. ते परत पाठवता येत नसेल, तर समुद्रात ओतावे."

तारीख फेब्रुवारी १९५२. चार वर्षांपूर्वी एका म्हातारीने, समुद्रापलीकडून, या खात्याला उत्तर आधीच देऊन ठेवले होते. प्रश्न विचारायला खात्याला चार वर्षे लागली.

"पिंप थंड जागी ठेवावे असा हुकूम दिसतो इथे," मी म्हणालो. "तळघर रिकामे असताना ते वर का नेले?"

सोपानरावांना प्रश्नाचेच नवल वाटले. "तळघरात माझी पोथी असती. जेवनाचा डबा असतो, पान्याचा माठ असतो. तितं दारू ठिवू? म्हून वर नेली, पार कोपऱ्यात, पत्र्याला लावून. जितकी लांब जाईल तितकी बरी. पाच वर्सांत बोट लावलं न्हाई म्या त्या पिंपाला."

मी वर चढलो. पत्र्याखालचा पारा एकशे अठरा अंश फॅरनहाइटवर होता. म्हणजे चोर सापडला होता. सोवळ्याने मद्याला उन्हात बसवले आणि उन्हाने ते पाच वर्षे फस्त केले. त्या माणसाने ते पिंप आपल्या पोथीशेजारी, माठाशेजारी बिनधास्त ठेवले असते, तर आज ते जवळजवळ भरलेले मिळाले असते. मी ही गोष्ट त्यांना तेव्हा सांगितली नाही. चौकशीत पुराव्यानिशी मांडू, असे ठरवले. विद्वान माणसाला आपला निष्कर्ष श्रोत्यांसमोर मांडायला आवडते. त्याला मी तेव्हा शिस्त म्हणत असे.

नमुना मी पुण्याला नेला. १९५१ साली त्यात शंभरात छप्पन्न भाग मद्यार्क होता. आता तो एकसष्ट भाग भरला. या एका आकड्यात सोपानरावांची सुटका होती. प्यायलेल्या दारूच्या जागी पाणी ओतले तर ती सौम्य होते. नुसतीच प्यायली तर उरलेली होती तशीच राहते. ती कडक होण्याचा मार्ग एकच: आतले पाणी मद्यार्कापेक्षा जास्त वेगाने निघून जाणे. त्या बेटाच्या दमट हवेत पाणी आत राहते आणि मद्यार्क अधिक उडतो. दख्खनच्या कोरड्या उन्हात याच्या उलटे होते. व्हिस्कीतले पाणी तेवढे पिऊन मद्यार्क मागे ठेवणारा दारुडा अजून जन्मायचा आहे.

मी त्याची चव घेतली. हे अहवालात नाही. आधी धूर आला, मग जिभेच्या कडांना मिठासारखे काहीतरी, आणि शेवटी, बऱ्याच उशिरा, भाजलेल्या धान्याचा एक गोडवा, जो जाता जात नव्हता. मी कधी न पाहिलेल्या त्या भिंतीवर लाट आपटल्याचा भास मला झाला. तीन दिवस माझ्या कोटाला तो वास होता. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, बंद प्रयोगशाळेत, माझ्या मागे कोणी उभे आहे असे वाटून मी दोनदा वळून पाहिले.

चौकशी मे महिन्यात गोदामातच झाली. चौकशी अधिकारी दौलतराव हे हसतमुख गृहस्थ होते. गावाची खात्री पटावी म्हणून सोपानरावांनीच विनंती करून आबाजींना बोलावले होते. अंबुबाई न बोलावता आल्या आणि दाराशी पदर आवळून उभ्या राहिल्या.

"प्रोफेसर, तुमचा अहवाल वाचला," दौलतराव म्हणाले. "छान लिहिलाय. फक्त एवढंच की तुम्ही या माणसाला जास्तच अडकवलंत."

"कसे?"

"दारू आधीपेक्षा कडक झाली, असं तुम्हीच म्हणता. म्हणजे यानं उंची माल प्यायला आणि वर हातभट्टी ओतून ठेवली. सीलचा शिक्का याच्याच कपाटात. पुनावळ्याचा माल हाताशी. चोरी होतीच, आता भेसळही आली."

"शिव शिव," आबाजी पुटपुटले.

मी आवाज चढवला नाही. राग मला थंड करतो. "या गोदामात पकडून आणलेली सगळ्यात कडक हातभट्टी तुमच्याच नोंदीप्रमाणे शंभरात तीस भागांची आहे. तीसवाली छप्पन्नवालीत ओतून एकसष्ट होत नाही. ताकात पाणी घालून ताक घट्ट करून दाखवा, मी अहवाल मागे घेतो."

आबाजी तोंडावर उपरणे धरून हसले. दौलतरावही हसले, त्यांना हरण्याचे वाईट वाटत नसे, फक्त फाइल उघडी राहिल्याचे वाटे.

"बरं बुवा. मग पाच गॅलन गेले कुठं?"

"तळघरातला माठ सकाळी भरून ठेवला आणि कोणी प्यायलेच नाही, तरी संध्याकाळी पाणी कमी का होते?"

"माठ झिरपतो. लाकूड झिरपतं होय?"

"झिरपते. हे मी म्हणत नाही, तुमची फाइल म्हणते." आणि मी फ्लोरा गिलीजचे पत्र मराठीत वाचून दाखवले. देवदूतांच्या वाट्यापाशी आबाजींनी मान हलवली. दौलतरावांनी पत्रावरचा शिक्का पाहिला, त्याखालची सही पाहिली, आणि कागद उलटा करून ठेवला. सही त्यांचीच होती.

मग मी पोटमाळ्याचे तापमान सांगितले, आणि पिंप तिथे का गेले तेही. सोपानराव ऐकत होते. आपणच ते उन्हात नेऊन बसवले, हे त्यांच्या लक्षात आलेले मला दिसले. पण त्यांचा चेहरा उजळलाच. मूर्खपणा माळेला बाधत नाही.

"त्ये समदं कळ्ळं," दारातून अंबुबाई म्हणाल्या. "पर ह्यांच्या सदऱ्याला वास का येतो, त्ये बी सांगा. गाव त्येच इचारतंय. माझ्याच जिभंनं आग लागली ती, तुमच्या जिभंनं इझवा."

मी तिथे थांबायला हवे होते. आरोप संपला होता. पण उरलेला एक प्रश्न अनुत्तरित सोडणे माझ्या स्वभावात नाही. मी उभा राहिलो. म्हणालो, "पिंपातून जे गेले ते नाहीसे झाले नाही. ते या खोलीच्या हवेत गेले. रोज, पाच वर्षे. सोपानराव या हवेत दिवसभर बसत. तीच हवा त्यांच्या कपड्यांत भरली, केसांत भरली. इथे पाच वर्षे जो कोणी श्वास घेईल, त्याला हा वास लागणारच. वास हा त्यांच्या पिण्याचा पुरावा नाही. ते इथे कामावर हजर होते, एवढाच तो पुरावा आहे."

बोलणे चांगले झाले होते. शेवटचे वाक्य मला स्वतःलाच आवडले.

"झालं तर!" आबाजींनी मांडीवर थाप मारली. "सोपानराव, परवा एकादशी. वीणा तुमच्या गळ्यात. अन् अंबुबाई, आता नदीवर जाऊन हे बी सांगा बरं का, मोठ्यांदा."

अंबुबाई रडत हसल्या. दौलतराव पेनाला टोपण लावत होते. सोपानराव मात्र माझ्याकडे पाहत होते.

"मास्तर, येक इचारू? श्वासातनं जे आत जातं, त्ये कुटं जातं?"

"फुप्फुसात."

"आन् तितनं?"

सगळे अजून बोलत होते. त्यांचा प्रश्न फक्त मी ऐकला. मला एक शब्द पुरला असता. कुठेच नाही, बाहेर येते, असे म्हटले असते तर तो माणूस परवा वीणा घेऊन उभा राहिला असता. पण चार वर्षे एका खात्याने सत्य दाबून ठेवले म्हणून मी त्या खोलीत रागाने उभा होतो; त्याच खोलीत खोटे कसे बोलायचे, हे मला सुचले नाही.

"रक्तात," मी म्हणालो. "पण अत्यल्प. नगण्य."

ते दोन शब्द त्यांनी ऐकलेच नाहीत. त्यांचे ओठ हलले. मग ते हळू बोलू लागले, आणि खोली आपोआप शांत झाली.

"मी साहेबासाठी देवाचं नाव घ्यायचो. रोज बाराच्या ठोक्याला. त्यो वास खाली आला की पिंपाच्या खाली हुबा ऱ्हायचो आन् नाव घ्यायचो, दम भरून भरून. वाटायचं, परमुलखात मेला, त्याचं कुनी न्हाई. त्येला सुटाया तेवढंच. आन् आबाजी, काय सांगू तुमाला. अशी गोडी यायची. दिवळात कवा आली न्हाई, वीणा घिऊन कवा आली न्हाई. डोळं वाहायचं. अंग हलकं व्हायचं. वाटायचं, देवानं चाळीस वर्सांनी ऐकलं. पाच वर्सं मी त्याच्यावर जगलोय." त्यांनी वर पोटमाळ्याकडे बोट केले. "त्ये नाव नव्हतं. त्ये ह्ये हुतं."

"काहीतरीच काय," आबाजी म्हणाले. "असं गणित नसतं त्याचं."

"तेवढ्याने माणसाला काही होत नाही," मी म्हणालो. "शक्यच नाही. मी शास्त्राने सांगतो."

"रगतात जातं, त्ये बी तुमीच शास्त्रानं सांगितलं."

त्यांनी दोन्ही हातांनी माळ गळ्यातून काढली. डोक्यावरून काढताना ती कानाला अडकली. अडतीस वर्षांत ती काढायची सवयच नव्हती. त्यांनी ती आबाजींपुढे धरली. आबाजींनी हात मागे घेतले. दौलतराव कागद आवरू लागले, कारण या गोष्टीसाठी त्यांच्याकडे छापील नमुना नव्हता. शेवटी अंबुबाई पुढे आल्या, त्यांनी पदर पसरला, माळ त्यात घेतली, आणि माझ्याकडे वळल्या.

"येक शब्द खोटा बोलला असता, तर तुमच्या घरचं काय जात हुतं?"

याचे उत्तर मी आजही शोधतो. मला जी उत्तरे मिळतात, ती सगळी माझ्याच बाजूची असतात.

जूनच्या आरंभी निकाल आला. सोपानराव निर्दोष, साठवणुकीत हयगय केल्याबद्दल ताकीद, मद्य नष्ट करावे. फ्लोरा गिलीजच्या इच्छेप्रमाणे ते समुद्रात ओतावे, असा अर्ज मी केला होता. समुद्रात मद्य ओतण्याची तरतूद नाही, असे उत्तर आले. इतके जलद उत्तर मला त्या खात्याकडून पूर्वी किंवा नंतर मिळाले नाही. गोदामामागे खड्डा खणून भर दुपारी पिंप त्यात उपडे करण्यात आले. ते ओतणे सरकारी नियमाप्रमाणे सोपानरावांच्याच हातून व्हायचे होते, आणि ते झाले. भेगाळलेल्या जमिनीने ते एका घोटात घेतले. शेजारी कारखान्याचा पाया खणणारे मजूर नाके दाबून विचारत आले, कोणता दवाखाना जळाला म्हणून. वास चार दिवस त्या माळरानावर होता. पाचव्या दिवशी तो गेला. आणखी काही दिवसांनी खड्ड्याच्या कडेला उभ्या असलेल्या मला तो नाही हे जाणवले, आणि साहेब खरोखरच दुसऱ्यांदा मेला असे वाटले.

मी गणित केले. खोलीचे आकारमान, दाराच्या फटी, पत्र्याची भोके, मिनिटाचे श्वास, दिवसाचे तास. पाच वर्षांत सोपानरावांच्या श्वासातून आत गेलेला मद्यार्क जेमतेम दोन चमचे भरला. तोही दीड हजार दिवसांत वाटलेला. वैद्याने आठवडाभर दिलेल्या आसवात याहून अधिक असतो. हे सगळे साध्या मराठीत चार पाने लिहून मी स्वतः चऱ्होलीला गेलो.

ते अंगणात बाजेची सुंभे आवळत होते. आबाजी तीनदा येऊन गेले होते, सगळ्या मंडळाने हात जोडले होते. त्यांनी माझी चारही पाने वाचून घेतली. मग म्हणाले, "औषिद मानूस ठावं असून घेतं. ह्ये तसं न्हवं."

"दोन चमचे, सोपानराव. पाच वर्षांत. एवढ्याने ती गोडी येत नाही. ती तुमचीच होती."

"आसंल."

"मग माळ का नाही घालत?"

त्यांनी सुंभाला गाठ मारली, ओढून पाहिली. आतून अंबुबाईंच्या बांगड्यांचा आवाज थांबला. त्या ऐकत होत्या.

"गोदामात आता काही नाही," मी म्हणालो. "हवा स्वच्छ आहे. तुम्ही तर रोज तिथे बसता. एकदा दुपारी उभे राहा आणि नाव घ्या. तुमचे तुम्हालाच कळेल."

"त्येच करत न्हाई मी." ते पहिल्यांदा माझ्याकडे थेट पाहून हसले, लहान मुलाला समजवावे तसे. "बारा वाजलं की उठून भायेर जातो, रस्त्याच्या कडंला, पार त्या चुन्याच्या रेघंपतुर. आन् अर्ध्या तासानं परत येतो."

"का पण?"

"घेतलं नाव," ते म्हणाले, "आन् न्हाई आली गोडी, तर मास्तर?"